‘शुद्ध’ लिहिलेलं पाणी

अन्याय योगितावर झाला. गेल्या वर्षी श्रावणात, कानबाईचं विसर्जन झालं त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी, पाहुण्यांसमोर बिस्किटांच्या बशा ठेवल्या जात असताना झाला. सहावीतल्या या मुलीनं एक प्रश्न विचारला, म्हणून तिला दंडाला धरून बाहेर नेलं आणि उन्हात उभ्या असलेल्या शाळेच्या रिकाम्या गाडीत एकटीला बसवून ठेवलं. कार्यक्रम संपेपर्यंत. पुढे तिच्या शाळेचं आमच्याकडे येणंच बंद केलं. कारण काय, तर मुलांना शिस्त नाही.

प्रश्न बरोबर होता. आजही बरोबर आहे. हे आधीच सांगून टाकते. दिवाळी अंकात अनुभव लिहा म्हटलं की लोक फिरून फिरून शेवटी मुद्द्यावर येतात, आणि तोवर वाचणाऱ्याच्या ताटलीतला चिवडा संपलेला असतो.

मी जिथे काम करते त्या जागेला मैलाशुद्धीकरण केंद्र म्हणतात. जळगावहून धुळ्याकडे जाताना महामार्ग सोडून आत गेलं की एका गावाबाहेर ते आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की त्या गावचे लोक माझ्याशी भांडायला येतील आणि बाकीच्या गावांचे लोक निवांत बसतील. मला दुसरी गोष्ट जास्त खटकेल. मी राहते पिंप्राळ्यात. रोज स्कूटरवर जाते-येते. काम काय, तर शाळेच्या मुलांना केंद्र दाखवायचं, पाण्याबद्दल सांगायचं, आणि मागच्या तळ्यावरचे पक्षी दाखवायचे. आमच्या गल्लीत कोणी विचारलं की आई सांगते, ‘निसर्ग शिक्षणात आहे.’ ‘मैला’ हा शब्द ती गिळून टाकते.

त्याआधी मी पत्रकं लिहायचे. ‘नागरिकांनो!’ने सुरू होणारी आणि तीन उद्गारचिन्हांनी संपणारी. नाल्यावर, प्लास्टिकवर, नदीत टाकलेल्या राडारोड्यावर. एका पत्रकात मी याच केंद्राला ‘दुर्गंधीचं दुकान’ म्हटलं होतं. तिथल्या साहेबांनी ते वाचलं आणि मला बोलावून घेतलं. म्हणाले, ‘एवढं बाहेरून लिहिता, एकदा आत येऊन बघा तरी.’ मी भांडायला गेले आणि नोकरीला लागले. माझ्यासोबत पत्रकं वाटणारी मुलं अजून मला ‘फितूर’ म्हणतात. म्हणोत.

काम बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तुमच्या संडासाचं, मोरीचं, भांडी घासल्याचं, कपडे धुतल्याचं सगळं पाणी गटारीतून आमच्याकडे येतं. आधी ते लोखंडी जाळीतून जातं. जाळीत काय काय अडकतं ते पाहायला मन घट्ट लागतं. गुटख्याच्या पुड्या, बाळांचे वापरलेले डायपर, दाढीची पाती, एकदा तर अख्खी गोधडी. पुढे वाळू खाली बसते. मग पाणी एका मोठ्या टाकीत येतं, तिथे खालून हवा सोडतात. ही हवा जिवाणूंसाठी. ते डोळ्यांना दिसत नाहीत, रजा मागत नाहीत, आणि आपली घाण खाऊन वाढतात. पोट भरलेले जिवाणू पुढच्या गोल टाकीत तळाशी बसतात आणि वरचं पाणी निवळतं. त्यात औषध टाकून ते बाहेर सोडायचं. बाहेर म्हणजे ओढ्यात, ओढ्यातून नदीत. कपाशीला, झाडांना, बांधकामाला ते चालतं. प्यायला चालत नाही. आमचं केंद्र त्यासाठी बांधलेलंच नाही. डोळ्यांना न दिसणारं बरंच काही त्यात उरलेलं असतं.

हे सगळं चालवणारे ऑपरेटर म्हणजे सुकदेव भाऊ. केसांना कलप, खिशात कंगवा, आणि जिभेवर अहिराणी. साहेबांशी बोलतानाच ते पुस्तकी मराठीवर येतात, तेही पहिली दोन वाक्यं. गावात काय चाललंय ते त्यांना पाण्यावरून कळतं. हिवाळ्यात भरीत पार्ट्यांचा हंगाम सुरू झाला की जाळीवर तेलाचा थर येतो. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला टाकीवर फेसाचा डोंगर उभा राहतो. तेव्हा सुकदेव भाऊ कंगवा फिरवत म्हणतात, ‘देख, बठ्ठं गाव धुवाई गे.’

पाहुणे नाना तऱ्हेचे येतात. एक आबा मुलाला घेऊन रिक्षाने आले होते. चूळ भरताना त्यांची कवळी संडासात पडली होती आणि तिच्यावर पाणीही ओतून झालं होतं. जाळीत सापडेल का, असं विचारत होते. सुकदेव भाऊंनी खरंच काठी घेऊन शोधली. शोधता शोधता म्हणाले, ‘आबा, सापडनी तर तोंडमा घालशात का?’ आबांनी शांतपणे विचार केला. ‘उकळीसन घालसू.’ कवळी मिळाली नाही. मुलानं सुटकेचा श्वास सोडलेला मी पाहिला.

एक शिक्षक ‘गू’ हा शब्द उच्चारायला तयारच नव्हते. ‘तो पदार्थ’ म्हणायचे. ‘मुलांनो, तो पदार्थ या टाकीत विघटित होतो.’ चौथीतल्या एका मुलाने शेवटी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘ताई, हाऊ पदार्थ कोन्ता? आम्ही आणं नही.’

सहल टाक्यांवरून सुरू होते आणि तळ्यावर संपते. तळ्यावर मुलं सगळ्यात जास्त खूश असतात. टिटव्या, ढोकरी, शेपूट हलवणारे धोबी, आणि लाल काडीसारख्या लांब पायांचे शेकाटे. शेकाटे पाहून मुलं नेहमी म्हणतात, ‘पक्षी आले म्हणजे पाणी चांगलं!’ तिथे मी थांबवते. शेकाट्यांना घाण पाण्याच्या चिखलातले किडे आवडतात. ते थव्याने उतरले तर खूश व्हायचं कारण नाही, उलट पाण्यात काय आलंय ते तपासायचं. मग मी दोन बरण्या घेते. एकीत गढूळ पाणी. ते ठेवून द्यायचं. पक्षी पाहून परत येईपर्यंत गाळ खाली बसतो. ‘निवळलं!’ मुलं ओरडतात. दुसऱ्या बरणीत नळाचं स्वच्छ पाणी, आणि त्यात मी त्यांच्या नकळत मीठ विरघळवलेलं असतं. कोणाला तरी बोट बुडवून चाखायला लावायचं. तोंड वाकडं होतं आणि सगळे हसतात. दिसतं तसं नसतं, एवढंच सांगायचं असतं. माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा त्या चिमूटभर मिठाने जास्त काम केलं, हे मान्य करते.

मग आमच्याकडे ‘निसर्ग दालन’ झालं. एक खोली, भिंतीवर चित्रं, पक्ष्यांच्या नावांची पायवाट, आणि जागोजागी निळ्या पाट्या. पाट्यांवरचा मजकूर वरून ठरून आला. निवळलेलं पाणी जिथे पाइपातून ओढ्यात पडतं, तिथे जी पाटी लागली तिच्यावर हसऱ्या चेहऱ्याचा एक थेंब होता, एक बाण होता, आणि मोठ्या पांढऱ्या अक्षरांत दोन शब्द: ‘शुद्ध पाणी’.

मी त्याच दिवशी म्हटलं, खाली ‘पिऊ नका’ लिहा. साहेब म्हणाले, पाटी रंगून आली आहे. आमच्याकडे रंगून आलेली पाटी म्हणजे दगडावरची रेघ.

सुकदेव भाऊंना मात्र ती पाटी फार आवडली. त्यांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि व्हॉट्सॲपवर लावला. यामागे एक गोष्ट आहे. त्यांच्या मुलीला पाहायला शिरपूरकडचे पाहुणे आले होते. वडील काय करतात, असं विचारलं. शेजारच्या कोणीतरी सांगितलं, ‘मैल्यावर आहेत.’ पाहुणे चहा न घेता उठले. भाऊंनी मला हे एकदाच सांगितलं, तेही जाळीतला कचरा ओढताना, माझ्याकडे न पाहता. तर त्यांच्या कामाला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी ‘शुद्ध’ म्हटलं होतं, तेही सरकारी रंगात.

आता कानबाई. खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. श्रावणातल्या एका रविवारी ही देवी घरोघरी बसते. रात्रभर गाणी होतात. सोमवारी सकाळी बाया तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात. गेल्या वर्षी पावसाने ताण दिला होता. आमच्या खालच्या गावाची नदी कोरडी होती. त्या भागात वाहतं पाणी एकच, आमच्या पाइपाचं. बाया तिथे आल्या. स्वच्छ दिसणारं पाणी, शेजारी बाण, वर निळी पाटी.

बायांमध्ये सर्वात पुढे सुमनआक्का होत्या. त्यांना वाचता येत नाही. सोबत नात होती, योगिता. आक्का म्हणाल्या, ‘वाच वं, काय लिखेल शे?’ योगिताने मोठ्याने वाचलं. ‘शुद्ध पाणी.’

मग बायांनी कानबाईला ओवाळलं. त्याच पाण्याने चूळ भरली. ओंजळीत घेऊन तीर्थ म्हणून लेकरांच्या तोंडात घातलं. योगिताचा धाकटा भाऊ गोलू, त्याने दोनदा मागून घेतलं. त्या दिवशी मी केंद्रावर नव्हते. सुकदेव भाऊ आत मोटारीजवळ होते. त्यांना फक्त वाजंत्री ऐकू आली.

यातलं मला शुक्रवारी काहीच माहीत नव्हतं. शुक्रवारी दालनाचं उद्घाटन होतं आणि योगिताची शाळा बोलावलेली होती. टेबलावर पांढरं कापड, फुलदाणी, आणि बाजूला बाजारातून आणलेला पाण्याचा निळा जार. मुख्य पाहुणे साहेबांचेही साहेब होते. भाषण झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘मुलांनो, काही प्रश्न?’ हेडसरांनी तीन मुलांना प्रश्न पाठ करून दिले होते. त्यांच्याआधी योगिता उभी राहिली.

‘साहेब, तठे शुद्ध पाणी लिखेल शे.’

‘हो बाळा, अगदी शुद्ध!’ पाहुणे खूश झाले.

‘मंग तुम्हले जारनं पाणी कसाले आणं?’

मागे कोणीतरी फिसकन हसलं. पाहुण्यांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी हेडसरांकडे, हेडसरांनी माझ्याकडे. योगिताही माझ्याकडेच वळली.

‘ताई, तुम्ही पेतस का ते?’

मी म्हटलं, ‘नाही. मी पीत नाही आणि कोणीच पिऊ नये. ते शेतीला चालतं, पोटाला नाही.’

‘मंग शुद्ध कसाले लिखं?’

तिचा आवाज चढला नव्हता. उलट बारीक झाला होता. हेडसर पुढे आले. ‘फार शहाणी झाली का? चल बाहेर.’ आणि दंडाला धरून तिला गाडीकडे घेऊन गेले. पाहुणे म्हणाले, ‘लहान आहेत, चालायचंच.’ मग जारमधलं पाणी ग्लासात ओतलं गेलं आणि सगळ्यांनी ते घेतलं.

मी गाडीपाशी गेले. आत भट्टी झाली होती. मी खिडक्या उघडल्या, माझी पाण्याची बाटली तिला दिली. तिनं ती हातात धरून ठेवली. मग विचारलं:

‘ताई, शुद्ध म्हंजे दुसरं काही ऱ्हास का?’

मी म्हटलं, ‘नाही गं. शुद्ध म्हणजे शुद्धच.’ तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. मला वाटलं, रागावली आहे.

रविवारी मी तिच्या गावी गेले. सुमनआक्का ओट्यावर बसल्या होत्या. मला पाहून आत गेल्या, चहा घेऊन आल्या आणि कानबाईच्या प्रसादाबद्दल आधीच माफी मागितली. ‘रोट तुले देता येवावत नही वं माय, ते भाऊबंदकीनाच खातस. चहा ले.’ मग सगळं सांगितलं. विसर्जन, पाटी, ओंजळ. गोलूला जुलाब-उलट्या सुरू झाल्या होत्या. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावावी लागली होती. आता तो अंगणात कुत्र्यामागे पळत होता, बरा होता.

आमच्या पाण्यामुळेच हे झालं, असं मी सिद्ध करू शकत नाही. श्रावणात पोटं अनेक कारणांनी बिघडतात. साहेबांनी हेच वाक्य मला नंतर ऐकवलं आणि त्यात चूक नाही. पण आक्कांनी पुढे जे सांगितलं त्याला सिद्ध करायची गरज नव्हती.

‘मी म्हंतं वाच, तिनी वाचं. आते म्हनस, मीच गोलूले पाजं. कितलं सांगं तिले. ऐकस का?’

योगिता दाराआड उभी होती. पायाचा अंगठा दिसत होता.

ही पोर त्या गल्लीची वाचणारी होती. औषधाच्या पाकिटावर काय आहे, लग्नपत्रिकेत मुहूर्त किती वाजताचा, एसटीवर कोणत्या गावाचं नाव आहे, सगळं तिला विचारायचे. आया-बायांमध्ये बसून ती मोबाइलवरचे निरोप मोठ्याने वाचून दाखवायची, आणि आवडलं तर दोनदा. आता तिनं वाचणं सोडलं होतं. शाळेत सर म्हणाले धडा वाच, तर उभी राहते आणि गप्प. गल्लीत कोणी कागद पुढे केला तर म्हणते, माले येत नही.

तिनं बरोबर वाचलं होतं. एक काना-मात्रा चुकली नव्हती. चुकीचं लिहिलं गेलं होतं. पण शिक्षा लिहिणाऱ्याला झाली नाही. मला राग येतो तो या ठिकाणी. मुलींनी शिकावं म्हणून आपण गावोगावी भिंती रंगवतो, आणि मुलगी शिकून वाचायला लागली की तिच्यासमोर खोटं लिहून ठेवतो.

सोमवारी मी साहेबांसमोर उभी राहिले. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळ चोळलं.

‘अहो, पण केंद्राच्या नावातच शुद्धीकरण आहे. उद्या तेही बदलायला सांगाल.’

‘सांगणारच आहे.’

‘मग काय लिहायचं म्हणता?’

‘निवळलेलं पाणी. पिऊ नका.’

‘निवळलेलं?’ त्यांनी शब्द तोंडात फिरवून पाहिला. ‘हे घरगुती वाटतं हो. आजी तुरटी फिरवते तसं.’

‘तसंच आहे ते. म्हणून सगळ्यांना कळेल.’

ते म्हणाले, वर विचारतो. मी म्हटलं, आणि शाळा? ते म्हणाले, शाळेचं जरा थंड होऊ द्या. ते अजून थंड होतंय.

सुकदेव भाऊंना मी पाटी काढायला निघालेय हे कळलं, तेव्हा ते माझ्यावर असे उखडले की मी दोन पावलं मागे सरले.

‘तुम्ही येतस, बोलतस, आन जातस. आमले आठेच ऱ्हानं शे. आमना कामले एक चांगला शब्द भेटना, तो बी तुम्हले खुपना?’

‘भाऊ, तुमचं काम खोटं नाही. पाटी खोटी आहे.’

‘पाटी आमनीच शे ना? ती खोटी म्हंजे मी खोटा.’

पत्रकात असं काही येत नाही. तिथे एका बाजूला जनता असते आणि दुसऱ्या बाजूला यंत्रणा. यंत्रणेच्या खिशात कंगवा असतो, तिच्या मुलीचं स्थळ परत जातं, हे कुठे लिहायचं? त्यानंतर जवळजवळ वर्षभर भाऊंनी माझ्यासोबत चहा घेतला नाही. बशीत ओतून माझा वाटा बाजूला ठेवायचे ते बंद झालं. मला त्याचं वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. तरी पाटीबद्दल मी मागे हटले नाही.

उन्हाळ्याआधी नवी पाटी आली. तोच थेंब, तोच बाण. मजकूर: ‘प्रक्रिया केलेले पाणी’. म्हणजे ‘शुद्ध’ गेलं, पण कळेल असं काही आलं नाही. ‘पिऊ नका’ तर नाहीच. पहिल्याच आठवड्यात ओढ्यावर म्हशी घेऊन आलेले एक नाना ती पाटी अक्षर अक्षर लावून वाचत होते. मला विचारलं, ‘प्रक्रिया करेल शे म्हंतस. कोन्ता महाराजनी करी?’ मी हसले, आणि मग हसू आवरलं. त्यांनी हात जोडले होते.

यंदाच्या श्रावणात कानबाईच्या सोमवारी मी सकाळीच केंद्रावर जाऊन थांबले. बाया येणार हे माहीत होतं. यंदा नदीत थोडं पाणी होतं, पण त्यातलं बरंचसं आमचंच. लांबून डफ ऐकू आला. मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते, तेवढ्यात आतून सुकदेव भाऊ आले. हात पुसत, कंगवा न फिरवता. मी त्यांना बोलावलं नव्हतं. ते थेट पाइपाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

सुमनआक्कांनी डोक्यावरची कानबाई सांभाळत विचारलं, ‘काय व्हयनं, भाऊ? बाजूले व्हा.’

‘आक्का, कानबाईले बसाडा आठे, ओवाळा. पन हाई पाणी तोंडमा नका घाला. लेकरेसले नका पाजा.’

‘का बरं?’ मागून एक बाई म्हणाली. ‘मांगला साले तर शुद्ध व्हतं. आते काय बिघडनं?’

दुसरीने टोला हाणला. ‘सुकदेव भाऊनी मोटार बिघडनी व्हई!’

बाया हसल्या. डफवाल्याने उगाच दोन ठोके दिले. भाऊंचे कान लाल झाले. वर्षभर ज्या शब्दासाठी ते माझ्याशी भांडले होते, तो पुन्हा त्यांच्यासमोर आला होता, तोही भर मिरवणुकीत. मला वाटलं, आता चिडतील आणि निघून जातील.

‘बिघडनं नही काही,’ ते म्हणाले. ‘मना काममा खोट नही. पन मी पाणी निवळाई देस, बस. शुद्ध करता येत नही माले. मांगला साले बी नव्हतं ते शुद्ध. पाटीवर चुकी व्हयनी व्हती.’

डफ थांबला होता. भाऊंनी मान फिरवून बायांच्या घोळक्यात पाहिलं, योगिता दिसल्यावर तिच्याकडे पाहून म्हणाले, ‘पाटीनी चुकी. वाचनारानी नही.’

पोर आजीचा पदर धरून उभी राहिली. पण तिनं मान खाली घातली नाही.

सुमनआक्कांनी हुकूम सोडले. कोणी प्यायला म्हणून घरून बोअरच्या पाण्याची कळशी आणली होती, ती मागवली. एक परात मागवली. काठावर, पाइपापासून दूर, परातीत ते पाणी ओतलं आणि कानबाईचं विसर्जन त्यातच केलं. ओवाळणं, गाणं, फुगड्या, सगळं झालं. वाहत्या पाण्याचं काय, असं एक म्हातारी कुरकुरली. आक्का म्हणाल्या, ‘देवले समजस. गोलूना पोटले समजाव नही.’

निघताना आक्कांनी योगिताला पाटीकडे वळवलं. ‘वाच वं, आते काय लिखेल शे ते.’

योगिताने वर पाहिलं. ओठ हलले. मग तिनं मान हलवली.

‘हाई माले समजत नही.’

खरं बोलली. ‘प्रक्रिया केलेले पाणी’ हे तिलाही कळलं नाही, तिच्या आजीलाही नाही, आणि म्हशीवाल्या नानांना तर भलतंच कळलं. त्या दिवसापासून भाऊंनी माझा चहाचा वाटा पुन्हा बशीत ओतायला सुरुवात केली, पण मी हे समाधानाने लिहीत नाही. पाटी अजून तीच आहे. साहेब म्हणतात, ‘निवळलेलं’ हा शब्द शासकीय नाही. योगिताच्या शाळेला अजून आत येऊ दिलेलं नाही. तिच्यासारखी बाकीची पोरं शेकाटे पाहतात, बरणीतलं मीठ चाखतात. ज्या पोरीनं आम्हाला सर्वात नेमका प्रश्न विचारला, तीच बाहेर आहे, आणि वर्गात अजून मोठ्याने वाचत नाही.

आता तुम्ही, जे हे वाचताय. तुमच्या मोरीतून गेलेलं पाणी कोणाच्या तरी गावाजवळ बाहेर पडतं. नशिराबाद असो, फैजपूर असो, धुळ्याची कॉलनी असो. भाऊबीज होऊ द्या, पाहुणे जाऊ द्या, मग घरातल्या एका शाळकरी पोराला सोबत घेऊन तिथे जा. तिथली पाटी त्याला मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा, काय कळलं? ‘शुद्ध’ लिहिलेलं असेल, किंवा त्याला कळणार नाही असं काही लिहिलेलं असेल, तर ज्यांनी ती पाटी लावली त्यांच्या कचेरीत चार शेजारी घेऊन जाऊन बसा. पाटीच नसेल तर त्यांना लावायला सांगा. मजकूर मी देते, कोणाची मंजुरी लागत नाही: हे पाणी पिऊ नका. तुम्ही शाळेच्या समितीवर असाल, तर प्रश्न विचारला म्हणून बाहेर काढलेलं मूल पुढच्याच सहलीत पहिल्या रांगेत उभं करा. वाचून अंक बाजूला ठेवू नका. ठरवा कोणत्या दिवशी जाणार, घरात सांगा, आणि जा.